जुन्या घरातल्या वस्तू : काळ्या टेबलाला पॉलिश नको

गेल्या अंकात सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, लिहिताना त्यांच्या पाठीवरच्या लाखेबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर ‘आमच्याकडेही काळं, सोनेरी नक्षीचं काहीतरी आहे’ अशी पत्रं यायला लागली. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्या ताईंकडे वेळ थोडा आहे.

प्रश्न : ताई, वेंगुर्ल्यात आमच्या सासरच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात कमरेएवढं काळं टेबल आहे. झाकण उघडलं की आत लहान लहान खण, त्यात पांढरी कोरीव रिळं आणि सुयांची नळी. खाली रेशमाची पिशवी लोंबते, ती आता विरली आहे. सगळीकडे सोनेरी रंगात चिनी माणसं, मंडप, झाडं. पाय वाघाच्या पंजासारखे. झाकणावर मधोमध ढालीसारखी चौकट आणि तीत दोन इंग्रजी अक्षरं, पण ती आमच्यातल्या कुणाच्याच नावाची नाहीत. सासऱ्यांचे आजोबा मुंबईत पारशी पेढीवर कारकून होते. भाऊजी म्हणतात हे डच वखारीतलं, शेजारचे म्हणतात थिबा राजाचं. गणपतीआधी घराला रंग काढतोय, तर मिस्त्री म्हणतो यालाही पॉलिश मारून देतो. लेक म्हणते, त्यापेक्षा मी पुण्याला नेते. काय करू?
(एक वाचक भगिनी, वेंगुर्ले)

उत्तर : ताई, आधी मिस्त्रीला थांबवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही पाठवलेले फोटो मी भिंगाखाली पाहिले. हे शिवणकामाचं टेबल चीनमधल्या कँटन शहरात, म्हणजे आजच्या ग्वांगझौमध्ये, गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी तयार झालेलं आहे. घाट पूर्ण इंग्रजी. असल्या टेबलांचे नमुने किंवा चित्रं जहाजांचे कप्तान तिकडे नेत आणि कँटनचे सुतार ती हुबेहूब उतरवत. चिनी घरात बाईमाणूस असल्या टेबलाशी शिवायला बसत नसे. ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली.

त्यामुळे डच वखारीचा संबंध लागत नाही. वेंगुर्ल्याची वखार सतराव्या शतकातली. ती गजबजलेली होती तेव्हा युरोपातसुद्धा असं टेबल कुणी पाहिलं नव्हतं. रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचाही नाही. ब्रह्मदेशचं काम वेगळं असतं, त्याबद्दल खाली रत्नागिरीच्या पत्रात लिहिलं आहे. मला पटतो तो तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांचा धागा. 1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर मोकळं होतं. मुंबईहून तिकडे कापूस जाई, अफू जाई, तिकडून चहा आणि रेशीम येई. नैऋत्येच्या वाऱ्यावर जायचं, ईशान्येच्या वाऱ्यावर परतायचं. मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जिजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या त्या याच व्यापारात. मुंबईच्या पारशी घरांत चिनी सामान आलं ते या वाटेनं, आणि शेटजींच्या घरातली जुनी वस्तू पेढीवरच्या कारकुनाकडे येणं यात नवल काही नाही. कागद हाती नसताना हे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण दिराच्या आणि शेजाऱ्यांच्या गोष्टींपेक्षा ही गोष्ट टेबलाशी जुळते.

ढालीतली दोन अक्षरं पहिल्या मालकिणीची असणार. गिऱ्हाइकानं आधी नाव कळवलं की कारागीर मधली चौकट त्याच्यासाठी राखत. मला या टेबलांत सगळ्यात चटका लावते ती एक बाब. परदेशी बायकांना कँटनच्या वखारींत पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यांनी मकावला थांबायचं. पुरुषांनाही व्यापाराचा हंगाम संपला की कँटन सोडावं लागे. म्हणजे जिच्या हातासाठी हे खण, ही रिळं बेतली, तिला ते बनलं ती आळी कधी दिसलीच नाही. आणि ज्यानं तिची अक्षरं सोन्यात काढली, त्याला ती बहुधा वाचता येत नव्हती, नुसती बघून गिरवली. तुमच्या टेबलावरचं दुसरं अक्षर किंचित उलटं झुकलं आहे, ते बघा. ते ‘दुरुस्त’ करू नका.

आता पॉलिशचं. हा काळा थर रंग नाही आणि पॉलिशही नाही. तो झाडाचा चीक आहे, वाळून दगडासारखा झालेला. त्यावर याच चिकानं बारीक रेघांनी चित्र काढायचं आणि तो ओलसर असतानाच सोन्याची पूड कापसानं टेकवायची. सोन्याचा थर किती, तर श्वास लागला तरी उडेल एवढा. मिस्त्री पॉलिशआधी काय करतो? झिरो नंबरचा घासायचा कागद मारतो.

आमच्या मालवणच्या घरी अशीच चहाची पेटी होती. आत कथिलाचा डबा, बाहेर सोनेरी बागेत बसलेल्या दोन बायका. दादाच्या लग्नाच्या वेळी घराला पॉलिश लागलं. मिस्त्री भला माणूस होता, हातात कसब होतं. तो आजीला म्हणाला, “बाय, एक हात मारतंय, आरशासारखी चमाकतली.” मी शाळेतून आले तेव्हा पेटी चमकत होती आणि बायका नव्हत्या. अंगणात कागदाचे तुकडे पडले होते, काळे, आणि उन्हात धरले की त्यांत सोनं लुकलुकत होतं. आजी काही बोलली नाही. तिनं त्यातला एक तुकडा उचलून पेटीतच ठेवला. तो आज माझ्याकडे आहे. पुढे मी जुन्या वस्तू जपण्याचं शिक्षण घेतलं त्याला तो तुकडा कारण झाला. मिस्त्रीची चूक नव्हती. सागवानाच्या कपाटाला तेच करतात आणि ते बरोबर असतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे लाकूड दिसत असलं तरी दिसतंय ते लाकूड नाही.

स्पिरिटचं पॉलिश वरून नुसतं ओढलं तरी नुकसान होतंच. ते काही वर्षांत पिवळं पडतं आणि मग ते काढायचं म्हटलं की खालचं सोनंही हलतं. खोबरेल, रॉकेल, फर्निचरचा फवारा, लिंबू, काहीही नको. पाणीसुद्धा नको, कारण उजेडानं शिणलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब पांढरा डाग ठेवून जातो.

उजेड हा याचा खरा वैरी. उन्हानं काळा रंग तपकिरी होतो, झळाळी जाते, आणि गेलेली झळाळी परत येत नाही. तुमच्या फोटोत झाकणाची डावी बाजू तांबूस दिसते, तिकडे पश्चिमेची खिडकी आहे ना? टेबल तिथून हलवा. हलवताना झाकणाला किंवा कडेला धरू नका, दोघांनी खालून, पायांच्या वरच्या जोडाशी धरा. आपल्याकडे पावसाळा सरला की गाद्या, पुस्तकं, पेट्या सगळ्याला उन्हं दाखवायची रीत आहे. या टेबलाला कृपा करून दाखवू नका. बुरशीची पांढरी पूड दिसलीच तर कोरड्या दिवशी, सावलीत, नाकाला फडकं बांधून, अगदी मऊ केसांच्या ब्रशानं झटका. भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. पायांखाली दगडी फरशीचे तुकडे द्या आणि महिन्यातून एकदा विजेरी घेऊन खालून बघा. वाळवी वरून कळत नाही. ती मऊ लाकूड आतून खाते आणि वरचं काळं कवच तसंच उभं असतं.

कुठे पापुद्रा सुटला असेल तर सुताराचा पांढरा गोंद लावू नका, चिकटपट्टीही नको. पडलेला कपचा पाकिटात घाला आणि कुठला ते वर लिहा. ‘झाकण, मागची उजवी कड’ एवढं पुरे. जाणकाराच्या हाती तो कपचा परत बसवता येतो. फेकलेला मात्र कुणालाच बसवता येत नाही.

आणि लेकीला सांगा, पुण्याचा विचार सोड. टेबल दोन-एकशे वर्षं दमट हवेत राहिलं आहे, त्याचं लाकूड त्या हवेला सरावलं आहे. पुण्याचा चैत्र-वैशाख कोरडा. त्यात वातानुकूलित खोली. लाकूड आकसतं, वरचा थर आकसत नाही, मग दोघांची फारकत होऊन भेगा पडतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या कोरड्या, तापवलेल्या घरांत अशा वस्तूंची हीच दशा झाली. न्यायचंच झालं तर श्रावणात, उघडीप बघून न्यावं, कारण तेव्हा पुण्याची हवाही ओलसर असते, आणि ठेवावं बिनएसीच्या खोलीत. पण लेकीनं सणाला यावं आणि टेबलाशी बसावं, हे मला जास्त आवडेल.

रेशमी पिशवी शिवू नका, बदलू नका. पातळ, कोऱ्या, धुतलेल्या मलमलीचा झोळ तिच्याखाली सैल बांधा म्हणजे तिच्यावरचा भार जाईल.

प्रश्न : आमचा काजूचा लहानसा कारखाना आहे. तुम्ही गेल्या वेळी म्हणालात की लाख किड्यापासून मिळते आणि चिनी लाख झाडापासून. दोन्हीला लाखच का म्हणतात? आणि चिनी काम करणाऱ्यांचे हात उततात असं ऐकलं, ते खरं का?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : तुमच्याच धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न सुचावा, याचा मला फार आनंद झाला. कारण उत्तर तुमच्या कारखान्यातच आहे.

आपली लाख म्हणजे झाडाच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांचा स्राव. ती उष्णतेनं वितळते, स्पिरिटमध्ये विरघळते. चरकावर लाकूड फिरत असताना कातारी लाखेची रंगीत कांडी टेकवतो आणि घासण्याच्या उष्णतेनं ती लाकडावर चढते. चिनी लाख म्हणजे झाडाच्या चिकाची राळ, ती यातलं काहीच करत नाही. एकदा पक्की झाली की ना वितळते, ना स्पिरिटला बधते. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय लोक इथे आले, आपली लाख पाहिली, तो शब्द घेऊन पुढे गेले आणि पूर्वेकडे चकाकणारं जे दिसलं त्याला तेच नाव दिलं. इंग्रजीतला लॅकर हा शब्द आपल्या ‘लाख’चाच. नाव आपलं, वस्तू त्यांची.

ज्या झाडाचा तो चीक, ते झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं. ओले काजू सोलताना बायका हाताला राख किंवा तेल का लावतात, ते तुम्हाला सांगायला नको. बिब्बा उतला की काय होतं, तेही आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक. देठाशी आंबा तोडला की उडणारा चीक ओठाला लागला तर कातडी सोलते. त्या सगळ्यातली जी तिखट द्रव्यं, त्यांचंच सख्खं भावंड चिनी राळेत असतं. शिकत असताना माझ्या हातमोज्याला टाचणीएवढं भोक होतं. दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत फोड, आणि त्याच हातानं डोळा चोळल्यामुळे डोळाही सुजला. दहा दिवस गेले. माझे शिक्षक म्हणाले, आता तुला राळ ओळखते. पक्की वाळलेली राळ सहसा त्रास देत नाही, तेव्हा जुन्या पेटीला हात लावायला घाबरू नका.

आता यातली सगळ्यात नवलाची गोष्ट. रंग वाळायला आपण ऊन शोधतो. ही राळ उन्हात नीट वाळतच नाही. तिला ऊबदार, दमट हवा लागते. चिकातच एक विकर (एन्झाइम) असतं, ते हवेतला प्राणवायू घेऊन राळेला घट्ट करतं, आणि त्याला काम करायला ओल हवी. म्हणून कारागीर वस्तू ओलसर बंद कपाटात वाळत घालतात. आपल्या आषाढासारखी हवा, ज्यात आपले पापड सादळतात, त्या हवेत ती दगड होते. एक थर वाळला की घासायचा, मग दुसरा. चीनमध्ये कोरीवकामासाठी राळेचे शंभराच्या वरही थर चढवत, त्याला महिनोन् महिने लागत. गोऱ्यांच्या जहाजांना मात्र ईशान्येचा वारा गाठायचा असे. म्हणून निर्यातीच्या मालात थर थोडे, आणि खालच्या लिंपणात अस्सल राळेऐवजी माती, सरस, डुकराचं रक्त असलं स्वस्त साहित्य. वरून डोळे दिपतील असं, आत घाईचं. तरी मी या कामाला हलकं म्हणणार नाही. वरच्या चित्रातला हात घाईतही चुकलेला नाही. एकेका झाडाच्या फांद्या मी भिंगाखाली तासन् तास पाहिल्या आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पानाचा गोल डबा आहे, आत दोन थाळ्या, लाल-काळा, वर बारीक रेघांत माणसं आणि हत्ती. थिबा राजवाड्यातून आला असं आजोबा सांगायचे. हाही चिनी का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही, हा ब्रह्मदेशचा. आणि माझ्या मते तुमच्याकडची वस्तू वेंगुर्ल्याच्या टेबलाहून जास्त आपुलकीची आहे, कारण ती साहेबासाठी बनलेली नाही, घरच्या माणसांनी घरच्या पानासाठी बनवलेली आहे. झाकणाची कड जिथे झिजली आहे तिथे नीट पाहा. आत फळी न दिसता बांबूच्या बारीक कामट्यांची वीण दिसेल. चिनी निर्यात-फर्निचर लाकडाच्या फळ्यांवर, आणि हे डबे बांबूच्या विणीवर. नक्षीही वरून रंगवलेली नाही. सुईसारख्या टोकानं राळ कोरायची, रंग भरायचा, जादा पुसायचा, मग दुसऱ्या रंगाची पाळी. ब्रह्मदेशची राळ देते ते झाड वेगळं, पण कूळ तेच, काजूचं.

राजवाड्याबद्दल जपून बोलते. थिबा राजाला 1885 मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी देशाबाहेर काढलं, 1910 मध्ये तो रत्नागिरीच्या त्या वाड्यात राहायला गेला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. राजघराण्यानं अडीअडचणीला वस्तू विकल्या, हेही खरं. पण 1937 पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थानच्याच कारभारात होता, आणि रंगूनला जाऊन आलेला कुणीही असा डबा खरेदी करून आणू शकत होता. आजोबांची आठवण तारीख घालून कागदावर उतरवा, डब्यात ठेवा. ‘आजोबा असं सांगत’ एवढंच लिहा, ‘राजाचा डबा’ असं नको. पुढे कधी वाड्याच्या सामानाची यादी कुणी ताडून पाहिली तर तो कागद कामाला येईल.

डब्यात पान ठेवत असाल तर आता थांबवा. ओला चुना राळेला चांगला नाही.

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या वाडीवर चिनी चित्रांचा घडीचा पडदा आहे, सहा फळ्यांचा. एक व्यापारी येऊन गेला. तो याला ‘कोरोमांडल’ म्हणाला, मग हा मद्रासकडचा का? तो भाव चांगला देतोय, परदेशी पाठवणार म्हणतो. खाली जडवलेले पांढरे तुकडे हस्तिदंताचे आहेत, त्यांचे वेगळे पैसे देतो म्हणाला.
(एक वाचक, रेवदंडा परिसर)

उत्तर : पडदा चीनचाच. असे पडदे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत आणि तिथून युरोपला जात, म्हणून त्यांना त्या किनाऱ्याचं नाव चिकटलं. यात राळेचा थर कापून खालचं पांढरं लिंपण उघडं करतात आणि त्यात रंग भरतात. बोट फिरवलं तर चित्र खोलगट लागेल. मूळ पडदे बहुधा बारा फळ्यांचे. तुमच्या सहा फळ्यांच्या एका कडेला चित्र मध्येच तुटलं असेल, एखादा घोडा अर्धाच असेल, तर उरलेले सहा कधीतरी दुसऱ्या भावाच्या वाट्याला गेले. वाटणीत असं होतं. युरोपात तर याहून वाईट झालं. तिथल्या सुतारांनी असे पडदे करवतीनं कापून कपाटांना चिकटवले, मग कुठे माणूस आडवा, कुठे घर उलटं.

व्यापाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर पाठवायला 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं खासगी माणसाला बंदी आहे, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. तो परवाना बघायला मागा. हस्तिदंताची खरेदी-विक्री तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तुकडा केवढाही असो. ते हस्तिदंतच आहे की हाड, हे आधी बघा. कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसल्या तर हस्तिदंत, काळसर ठिपके किंवा लहान रेघोट्या दिसल्या तर हाड. काहीही निघालं तरी तुकडे उपसू देऊ नका.

विकायचं की नाही हा तुमचा घरचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण विकण्याआधी प्रत्येक फळीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, उजेड बाजूनं पाडून, म्हणजे कोरीव भाग उठून दिसेल. आणि चुलत घरांत विचारा. उरलेल्या सहा फळ्या कुणाच्या तरी माळ्यावर, भाताच्या कणगीमागे उभ्या असू शकतात.